कोरा रकाना

गेल्या आषाढातील गोष्ट. मुलीचे परिचयपत्र भरण्यासाठी आम्ही घरातली सारी मंडळी बैठकीत जमलो होतो. चातुर्मासात लग्ने होत नसली तरी स्थळांची बोलणी थांबत नाहीत, आणि दिवाळीनंतरच्या परिचय संमेलनाच्या पुस्तिकेसाठी माहिती वेळेत पाठवायची होती. जन्मवेळ, उंची, शिक्षण, गोत्र, मामाचे गोत्र, मंगळ आहे की नाही, व्यवसाय, उत्पन्न, रात्रिभोजनाचा त्याग आहे का, असा एकेक रकाना भरत गेला. शेवटचा रकाना 'विशेष माहिती'चा. तिथे आपण सारेच जे लिहितो तेच मीही लिहिणार होतो : 'घरंदाज व धार्मिक कुटुंब.' इतक्यात आतल्या खोलीतून माझ्या बहिणीचा आवाज आला, "भाऊ, त्यात माझंही लिहा."

बैठकीत कोणीच काही बोलले नाही. पेन माझ्या हातात तसेच राहिले आणि तो रकाना त्या दिवशी कोराच राहिला.

माझ्या या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी एके सकाळी मंदिरात स्तोत्र वाचताना तिला उजव्या डोळ्याने अक्षरे पुसट दिसू लागली. दोन आठवड्यांत दृष्टी पूर्ववत झाली आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलो. दीड वर्षाने पायांना मुंग्या येऊ लागल्या, मंदिराच्या पायऱ्या चढताना ती दोनदा पडली. मालीश झाली, काढे झाले, दृष्टही काढून झाली. शेवटी नागपूरला एमआरआय केला, तेव्हा मेंदूत आणि मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले. सासरच्यांनी तिला 'थोडे दिवस विश्रांतीला' म्हणून गोंदियाला पाठवले. त्या विश्रांतीला आता अठरा वर्षे झाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आपल्या मज्जातंतूंभोवती, विजेच्या तारेवर असावे तसे, मायलिन नावाचे आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच काही जणांच्या बाबतीत त्या आवरणावर उलटते. आवरण झिजले की मेंदूचा निरोप अवयवांपर्यंत नीट पोहोचत नाही. १८६८ साली पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक होतो. उष्णतेने शरीर तापले की झिजलेल्या तंतूंतून निरोप आणखीच अडखळतो. गोंदियाचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी अधिक काय सांगावे? एप्रिल ते जून हे तीन महिने माझी बहीण कूलर लावलेल्या आतल्या खोलीतून बाहेर पडू शकत नाही.

परंतु उरलेले नऊ महिनेही ती त्याच खोलीत राहिली, याचे कारण उन्हाळा नव्हे. कारण आम्ही होतो. पाहुणे आले की दार लोटून घ्यायचे, कोणी विचारले तर 'कंबरेचा त्रास आहे' म्हणायचे, लग्नकार्यात तिच्यासाठी ताट आत पाठवायचे. घरात उपवर मुले आहेत, उगाच चर्चा नको, हे त्यामागचे न बोललेले कारण. आम्ही तिच्या औषधपाण्यात काही कमी केले नाही. कमी केले ते तिचे माणसांत असणे.

त्या संध्याकाळनंतर चार-आठ दिवसांनी आमच्या राईस मिलवर एक लहानसा प्रसंग घडला. सालेकसा तालुक्यातून येणारा आमचा एक जुना हमाल मुलीच्या सोयरिकीसाठी दोन दिवसांची सुटी मागत होता. मी सहज विचारले, "जमलं का सगळं?" तो म्हणाला, "अजून कार्ड पाहायचं आहे, शेठजी. आमच्या पोरीचा एएस पॅटर्न आहे. पोरगाही एएस निघाला तर डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय पुढं जाणार नाही."

तो सिकलसेलविषयी बोलत होता. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर हा सारा पट्टा या रक्तविकाराने ग्रासलेला आहे. गावोगावी आरोग्यसेविका रक्त तपासतात आणि कार्ड देतात. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७पर्यंत हा आजार हटवावा, असे तिचे उद्दिष्ट आहे. आपण व्यापारी मंडळी या आजाराकडे 'त्यांचा आजार' म्हणून पाहतो. पण त्या दुपारी मला जाणवले ते असे, की तांदळाची पोती वाहणाऱ्या त्या माणसाला आपल्या मुलीच्या रक्ताविषयी जे ठाऊक आहे आणि जे तो उघडपणे बोलू शकतो, ते पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिणाऱ्या माझ्या घराण्याला ना ठाऊक आहे, ना बोलता येते.

पुढच्या वेळी बहिणीला घेऊन नागपूरला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारले, "हा आजार आमच्या रक्तात आहे का? माझ्या मुलीला होईल का?" त्यांनी सवडीने उत्तर दिले. मग मीही मिळेल ते वाचत गेलो.

आपल्या देशात या प्रश्नाचा खरा अभ्यास झाला तो पारशी समाजात. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच लग्ने करणारा हा समाज. २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी ५७,२६४ होती. मुंबईचे ख्यातनाम मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी बांधवांची पाहणी करून १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाखामागे विसाहून अधिक पारशांना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे आढळले. त्या काळी देशभराचा अंदाज लाखामागे एकाच्या आसपास होता. पुढे एमआरआय सर्वत्र पोहोचल्यावर देशाचा आकडाही वाढला, परंतु एकाच शहरात, त्याच हवापाण्यात राहणाऱ्या समाजांत इतका फरक असावा, यावरून वंशाचा काही वाटा आहे हे मान्य करावे लागते.

तथापि तो वाटा केवढा, हे नीट समजून घेणे अधिक महत्त्वाचे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. तेथे हा आजार जगात सर्वाधिक, म्हणजे लाखामागे सुमारे चारशे लोकांना आहे. एकाकी बेट, मोजकी घराणी. साहजिकच सर्वांचा समज की हे रक्ताचेच. परंतु संशोधकांनी जनुके तपासली तेव्हा ज्ञात जनुकांतून या वाढीव प्रमाणाचा अगदी थोडाच भाग उलगडला. या आजारात एखादे जनुक दोषी नसते. शेकडो जनुकांचा थोडा थोडा कल असतो, आणि त्याला सूर्यप्रकाशाची कमतरता, धूम्रपान, एप्स्टीन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग अशा बाहेरच्या निमित्तांची जोड मिळावी लागते. तंतोतंत एकसारखी जनुके असलेल्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तरी चारांतील सुमारे तीन वेळा दुसऱ्याला तो होत नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासानुसार आई किंवा वडिलांना आजार असेल तर अपत्याला होण्याची शक्यता शेकडा दोनच्या आसपास असते. आत्याला असेल तर भाचीला होण्याची शक्यता शेकडा एकच्या आसपास.

शंभरांत एक! या एका टक्क्यासाठी आम्ही अठरा वर्षे एका माणसाला दाराआड ठेवले होते. व्यापारात एवढ्या जोखमीसाठी कोणी सौदा मोडत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला तोपर्यंत ठाऊकच नव्हती. जिथे भिण्याचे कारण नाही तिथे आपण भितो, आणि जिथे सावध राहायला हवे तिथे निर्धास्त असतो. आपला सारा भरवसा गोत्रावर. स्वतःचे गोत्र टाळले, मामाचे टाळले, की रक्त वेगळे झाले असे आपण मानतो. ही आपल्या पूर्वजांची फार शहाणी व्यवस्था आहे. तिने जवळच्या नात्यांतील विवाह रोखले. पण गोत्र बापाकडून चालते. एखाद्या पूर्वजाच्या अंगचा दोष मात्र मुलींमधूनही वाहतो, आणि मुलगी दर पिढीला नव्या गोत्रात जाते. दहा-बारा पिढ्यांत तोच दोष सगळ्या गोत्रांत पोहोचतो. काही हजार घरांचा समाज, लग्ने समाजातच. मग गोत्रे निराळी असूनही दोघांच्या अंगी एकाच खापरपणजोबाची तीच देणगी असू शकते.

याचे उदाहरण आपल्याच व्यापारी बांधवांत आहे. अग्रवाल समाज अठरा गोत्रांचा. गोंदियातही त्यांची जुनी पेढी-घराणी आहेत आणि त्यांच्यातील कित्येक कुटुंबे जैन धर्म पाळतात. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांच्या नजरेस १९९०च्या दशकात अशी काही बालके आली की ज्यांचे डोके पहिल्या वर्षातच प्रमाणाबाहेर वाढले होते. चालणे उशिरा सुरू होई, पुढे तोल जाई, पाय ताठरत, फेफरे येत. बुद्धी मात्र बराच काळ शाबूत राही. यांपैकी बहुतेक मुले अग्रवाल कुटुंबांतील होती. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये डॉ. व्हान डर क्नाप यांनीही हाच विकार वर्णिला. २००१ साली त्यास कारणीभूत एमएलसी-वन हे जनुक सापडले आणि मग कळले की या अग्रवाल मुलांच्या जनुकात एकाच ठिकाणी एकच चूक आहे. म्हणजे ती कोण्या एका पूर्वजाकडून आलेली आहे. हाही मेंदूतील त्याच पांढऱ्या भागाचा आजार. पण माझ्या बहिणीच्या आजारात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरकच आपण शिकायला हवा.

वह्यांच्या भाषेत सांगतो. आपली प्रत्येक नोंद दोन ठिकाणी असते, रोजकीर्दीत आणि खतावणीत. एका ठिकाणी चूक झाली तर दुसऱ्या वहीवरून काम भागते. तसेच प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एकच प्रत सदोष असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्याला केवळ 'वाहक' म्हणतात, आणि आपण वाहक आहोत हे त्याला जन्मभर कळतही नाही. नवरा-बायको दोघेही त्याच दोषाचे वाहक निघाले, तरच दर गर्भधारणेला चारांत एक अशी शक्यता असते की बाळाच्या दोन्ही प्रती सदोष येतील. सिकलसेलचे असेच, थॅलेसेमियाचे असेच, या बालकांच्या आजाराचेही असेच. इथे शेकडा एक नव्हे, शेकडा पंचवीस. आणि ही जोखीम एका साध्या तपासणीने आधीच कळू शकते.

कधी कधी तर नुसते माहीत असणे हाच उपाय असतो. आर्य वैश्य म्हणजे कोमटी समाजातील काही लोकांच्या रक्तात एक विकर जन्मतः नसल्यासारखे असते. एरवी त्यांना काहीही त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक विशिष्ट औषध दिले तर जो परिणाम काही मिनिटांत ओसरायचा तो तासन्‌तास टिकतो आणि श्वास यंत्रावर चालवावा लागतो. 'आमच्या घरात असे झाले होते' एवढे एक वाक्य भूलतज्ज्ञाला आधी सांगितले की धोका टळतो.

हे दोन-तीन समाजांपुरते आहे असे कोणी समजू नये. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडचे लोक किंवा युरोपातील ज्यू यांच्यापेक्षाही गडद निघाला. त्या ८१पैकी १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती. समाज मोठा आहे म्हणून निश्चिंत राहावे, असेही नाही.

ज्यू समाजाने यावर काय केले, तेही सांगण्यासारखे आहे. टे-सॅक्स नावाच्या आनुवंशिक आजाराने चार अपत्ये गमावलेल्या जोसेफ एकस्टाइन या धर्मगुरूंनी १९८३ साली न्यू यॉर्कमध्ये 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. तरुण-तरुणींचे रक्त तपासायचे, पण निकाल कोणालाच सांगायचा नाही. प्रत्येकाला फक्त एक क्रमांक द्यायचा. स्थळ आले की दोन्ही क्रमांक कळवायचे. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तरच संस्था तसे सांगते. कोणाच्या कपाळावर शिक्का नाही, कोणाचे घराणे बदनाम नाही. गर्भपात ज्यांच्या धर्माला मान्य नाही अशा कर्मठ समाजाने शोधलेली ही वाट आहे, आणि म्हणूनच अहिंसाव्रती समाजाने तिचा विचार करावा असे मला वाटते. गर्भ राहिल्यानंतर तपासणी करून जो यक्षप्रश्न उभा राहतो, त्याला आपल्यापैकी कोणते कुटुंब शांत चित्ताने सामोरे जाऊ शकेल? तो प्रश्न उभाच राहू नये, हे आपल्या हाती आहे.

काही वडीलधारे म्हणतील, हे सारे कर्माधीन आहे. मीही तसे मानतो. आठ कर्मांत वेदनीय आहे, हे लहानपणी पाठशाळेत घोकले आहे. पण त्याच पाठशाळेत निमित्त आणि पुरुषार्थ हेही शिकवले होते. आणि असातावेदनीयाचा उदय ज्याच्या वाट्याला आला त्याला दाराआड ठेवा, असे कोणत्याही ग्रंथात मी वाचलेले नाही. उलट त्याला लपवताना आपणच मायाचाराचा, म्हणजे कपटाचा बंध करून घेतो.

ही गोष्ट मी उपदेश म्हणून लिहीत नाही, माझ्या नावे मांडलेली रक्कम म्हणून लिहितो. बावीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावासाठी एक उत्तम स्थळ आले होते. मुलगी पसंत होती. तेवढ्यात कोणीतरी कानावर घातले की मुलीच्या भावाला मिरगीचे झटके येतात. आम्ही चौकशी केली नाही, विचारले नाही. 'पत्रिका जुळत नाही' असे कळवून मोकळे झालो. या भाद्रपदात दशलक्षण पर्वातील उत्तम आर्जवाच्या दिवशी, मनात एक आणि ओठांवर एक नसावे, हे प्रवचनात ऐकताना ती पत्रिका आठवली. क्षमावाणीला मी त्या मुलीच्या वडिलांना फोन केला. ते आता थकले आहेत. मुलगी सुखात आहे. मी खरे कारण सांगून क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तेव्हा विचारलं असतं तर डॉक्टरांचा कागद दाखवला असता. मुलगा लहानपणी माळ्यावरून पडला होता. डोक्याला मार लागल्यापासून झटके येत होते. त्याचा रक्ताशी काही संबंध नव्हता."

त्या रात्री मी परिचयपत्राचा कोरा रकाना भरला. बहिणीला वाचून दाखवला आणि तिने एक शब्द बदलायला लावला. मी 'पीडित' लिहिले होते. ती म्हणाली, "पीडित नको. 'आत्याला हा आजार आहे, आत्या आमच्याबरोबर राहते' असं लिहा."

प्रत्येकाने असे छापावे, असा माझा आग्रह नाही. आजार ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे आणि ज्याला तो झाला आहे त्याच्या संमतीवाचून ती छापणे योग्यही नाही. पण साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी समोरासमोर बसून ती बोलावी. संमेलनाच्या ठिकाणी एक टेबल रक्ततपासणीचे असावे. थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्ही एकाच रक्ताच्या नमुन्यावरून कळतात. ज्या घरात लहान मुले एकसारख्या आजाराने गेली किंवा अधू झाली, त्यांनी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आणि निकाल काहीही आला तरी वाहक असणे हा दोष नाही, हे आपण वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःच्या मनाला शिकवावे. सरकारने २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वात स्थान दिले आहे. आमच्या बहिणीचे प्रमाणपत्र आम्ही यंदा काढले. इतकी वर्षे काढले नव्हते, कारण रांगेत कोणी पाहील ही भीती.

त्या रकान्यामुळे पहिल्या स्थळाने नकार दिला. सौजन्याने दिला, कारणही सांगितले. मला राग आला नाही, मीच कधीकाळी त्या जागी होतो आणि इतका प्रामाणिक नव्हतो. दुसऱ्या घरचा फोन आला तेव्हा मुलाच्या वडिलांनी प्रथम आमच्या बहिणीची प्रकृती विचारली. मग म्हणाले, "तुम्ही लिहिलंत, म्हणून आम्हालाही सांगायला धीर आला. आमच्या चुलत घरी दोन मुलं जन्मतः ऐकू न येणारी आहेत." दोन्ही मुलांनी तपासण्या करून घेतल्या. अहवाल एकमेकांसमोर उघडले, तज्ज्ञांशी बोलणे झाले, आणि मगच होकार ठरला.

मार्गशीर्षात साखरपुडा झाला. हवा गार होती. बहिणीची चाकाची खुर्ची पुढच्या रांगेत, व्याह्यांच्या शेजारी होती. मुलाच्या आजीने तिच्याजवळ बसून विचारले, "तुम्हाला नेमकं काय होतं हो?" अठरा वर्षांत पाहुण्यांपैकी कोणी तिला हा प्रश्न स्वतः विचारला नव्हता. ती बराच वेळ सांगत होती. जेवणाची पंगत बसली तरी दोघींचे बोलणे संपले नव्हते, म्हणून त्यांची ताटे तिथेच नेऊन दिली.